बफेलोचा बर्फ, पाषाणचा गारठा

पुण्यात, पाषाण उपनगरात राहून बर्फाच्या वादळांचा नाद लागलेला माणूस घरच्यांना कसा दिसत असेल, याची मला पुरेपूर कल्पना आहे. डिसेंबरात रात्री साडेअकराला मोबाइलवर अमेरिकेचा नकाशा उघडून बसलेला, मध्येच ‘आला, युरोपियन आला’ असं पुटपुटणारा नवरा. बायकोने सुरुवातीला काळजीने विचारलं, मग वैतागून विचारलं, आता ती सरळ दिवा मालवून कुशीवर वळते. तिचंही बरोबर आहे. ज्याने जन्मात बर्फ पाहिला तो मनालीच्या सहलीत, त्याला ईरी सरोवरावरचा वारा कोणत्या दिशेचा आहे याच्याशी काय करायचंय?

निमित्त भाच्याचं. २०२२च्या ऑगस्टमध्ये ताईचा धाकटा एमएस करायला बफेलोला गेला. ताईला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की तिथे घरंच्या घरं बर्फात बुडतात. मी एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. ताई म्हणाली, “दिवसभर आकडेच बघतोस ना? मग तिथल्या थंडीच्या आकड्यांवरही जरा नजर ठेव.” नजर ठेवायची म्हणजे काय करायचं, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

पहिले काही आठवडे मी फक्त तापमान बघत होतो. त्याने काही कळत नाही. बफेलो न्यूयॉर्क राज्यातच असलं तरी न्यूयॉर्क शहरापासून फार दूर, ईरी सरोवराच्या पूर्वेच्या टोकाला वसलंय. हे सरोवर साधारण ३८८ किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम ९० किलोमीटर. नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरकं पसरलेलं. नकाशात त्याचा तिरकेपणा लक्षात आला आणि तिथून मला या विषयाची खरी गोडी लागली.

कारण नोव्हेंबरात या सरोवराचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं, नऊ-दहा अंशांवर. त्यावरून कॅनडाकडची गार, कोरडी हवा वाहू लागली की ती खालून तापते, पाणी उचलते, वर चढते आणि तिचे ढग होतात. दीड किलोमीटर उंचीवरची हवा पाण्यापेक्षा किमान तेरा अंशांनी गार असली की हा कारखाना सुरू होतो, असा तिथल्या अंदाजकर्त्यांचा जुना आडाखा आहे. मात्र वारा आडवा, रुंदीच्या दिशेने वाहिला, तर हवेला पाण्यावर फार वेळ मिळत नाही आणि थोडाथोडा बर्फ लांबलचक किनाऱ्यावर विखरून पडतो. तोच वारा सरोवराच्या लांबीच्या रेषेत आला, की सगळा माल एका चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होऊन नेमका बफेलोच्या आसपास उतरतो. पट्टा दहा-वीस किलोमीटर रुंद. त्याच्या आत तासाला दोन-तीन इंच बर्फ, मध्येच विजांचा कडकडाट. त्याच्या बाहेर स्वच्छ आकाश.

१७ ते २० नोव्हेंबर २०२२ या दिवसांत हे असंच घडलं. शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क नावाचं उपनगर आहे, तिथे जवळजवळ ८० इंच बर्फ पडला, म्हणजे दोन मीटर. फुटबॉलचं मोठं स्टेडियम त्याच गावात असल्यामुळे रविवारचा सामना उचलून थेट डेट्रॉइटला न्यावा लागला. भाचा राहत होता उत्तरेला, विद्यापीठाच्या बाजूला. मी सकाळी घाबऱ्याघुबऱ्या फोन केला तर साहेब म्हणतात, “मामा, इथे बूट बुडेल एवढाच आहे रे. पण दक्षिणेकडे बघ, फोटो पाठवतो.” फोटोत पार्किंगच्या पलीकडे, घरांच्या छपरांवर, एक काळपट-करडी भिंत उभी होती. वरची कड सरळ कापल्यासारखी. अलीकडे ऊन.

तो फोटो मी बराच वेळ बघत बसलो. वीसेक किलोमीटरच्या अंतरात कुणाच्या दारात दोन मीटर आणि कुणाच्या दारात चार बोटं. आणि ते ठरवलं कुणी, तर उत्तर ध्रुवाकडून आलेल्या हवेने नव्हे, ती दोघांनाही सारखीच होती. ठरवलं सरोवराच्या आकाराने आणि वाऱ्याच्या पाच-दहा अंशांच्या कलाने.

त्यानंतर मी रीतसर शिकायला बसलो. कोणाकडे शिकवणी नव्हती. नकाशे फुकट मिळतात, बघायची सवय मात्र आपली आपण लावावी लागते. संगणकावर हवामानाचा अंदाज मांडणारी मुख्य मॉडेलं दोन, अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपियन केंद्राचं. अमेरिकेचं दिवसातून चार वेळा नव्याने चालवतात, त्या प्रत्येक खेपेला ‘रन’ म्हणायचं. वेळ ग्रीनिचची, त्यात साडेपाच तास मिळवायचे. त्यातल्या दोन खेपांच्या गणिताला सुरुवात होते आपल्या पहाटे साडेपाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवरून, त्याच सुमाराला जगभर हवामानाचे फुगे सोडतात. नकाशे हातात पडायला पुढे साडेतीन-चार तास जातात. म्हणजे सकाळचा रन मला ऑफिसला पोचता पोचता मिळतो आणि संध्याकाळचा रात्री नऊनंतर. युरोपियन त्याहून उशिरा, म्हणून ते पुटपुटणं. यात पुणेकराची एक चंगळ आहे. तिकडचे शौकीन ज्या रनसाठी मध्यरात्री डोळे ताणून जागतात, तो आपल्याला चहाबरोबर मिळतो.

काय बघायचं याचीही एक उतरंड ठरत गेली. आधी साडेपाच किलोमीटर उंचीचा नकाशा, म्हणजे हवेचा दाब ५०० हेक्टापास्कल असतो त्या थराचा. तिथे हवेच्या नदीला कुठे वळण आहे, कुठे दरी पडली आहे ते दिसतं. मग दीड किलोमीटरवरचं तापमान. मग जमिनीवरचा दाब. आणि शेवटी, अगदी शेवटी, बर्फ किती इंच पडेल तो रंगीत नकाशा. नवखा माणूस नेमका उलटा जातो. जांभळा-गुलाबी रंग दिसला की तोच नकाशा उचलून सगळ्यांना पाठवतो. दहा दिवस पुढचा असला तर तो नकाशा करमणुकीपुरता घ्यावा. जीएफएस सोळा दिवस पुढपर्यंत दाखवतं, आणि त्या टोकाला कुठे ना कुठे एक महाभयंकर वादळ कायम उभंच असतं. दुसऱ्या दिवशी ते गायब होतं आणि तिसऱ्या दिवशी हजार किलोमीटर बाजूला उगवतं.

म्हणून एकच उत्तर न बघता, सुरुवातीच्या नोंदी किंचित इकडेतिकडे करून तेच मॉडेल अनेकदा चालवतात, त्या सगळ्या उत्तरांचा संच बघायचा. आलेखावर या रेषा पहिले तीन-चार दिवस एकमेकींना चिकटून असतात आणि पुढे ताटात सांडलेल्या शेवयांसारख्या पसरतात. कोणत्या दिवसापासून पसरतात, तेवढं बघितलं की पुरे. त्याच्यापुढचं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जावं.

डिसेंबरात परीक्षाच होती. नाताळच्या जवळजवळ आठवडाभर आधीपासून दोन्ही मॉडेलं एकाच गोष्टीवर अडून बसली. ध्रुवीय हवेचा मोठा लोंढा अमेरिकेच्या मध्यावर उतरणार, त्याच्या पुढ्यात एक कमी दाबाचं क्षेत्र महासरोवरांवर येऊन झपाट्याने खोल होणार. चोवीस तासांत दाब २४ मिलिबारच्या आसपास घसरला की त्याला बॉम्ब म्हणतात, नाव भडक असलं तरी व्याख्या तांत्रिक आहे. रनमागून रन येत होते आणि शेवया पसरायचं नाव घेत नव्हत्या. तिथल्या हवामान खात्याचे इशारे तर माझ्या कितीतरी आधी आणि कितीतरी स्पष्ट निघाले होते. मी फक्त त्यांची भाषा समजण्याइतका तयार झालो होतो.

भाच्याला फोन लावला. “चार दिवसांचं खाणं भरून ठेव. पॉवर बँक चार्ज कर. शुक्रवारी सकाळी पाऊस असेल, थंडी काहीच वाटणार नाही. त्याला भुलून बाहेर पडू नकोस.”

“मामा, तू पाषाणमध्ये बसून मला दूध आणायला सांगतोयस.”

“हो. आणि ब्रेडही आण.”

२३ डिसेंबरला सकाळी तिथे खरंच पाऊस होता. मग थंड हवेची आघाडी ओलांडून गेली आणि काही तासांत पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली कोसळला. वारा नेमका सरोवराच्या लांबीवरून, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचे झोत. ब्लिझर्ड म्हणायला ताशी ५६ किलोमीटरचा वारा आणि पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता सलग तीन तास टिकावी लागते. बफेलोच्या विमानतळावर ती ३७ तास टिकली. चार दिवसांत तिथे ५० इंचांहून जास्त बर्फ नोंदला गेला. प्रवासबंदी होती, तरी त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली, काही गाड्यांत अडकून, काही रस्त्यावर, काही वीज गेलेल्या घरांत. अग्निशमनाच्या गाड्यासुद्धा पोचू शकत नव्हत्या. नोव्हेंबरचा बर्फ गाजला तो उंचीसाठी, हे प्रकरण वाऱ्याचं होतं. नाद म्हणून नकाशे बघणाऱ्याने हे विसरू नये असं मला वाटतं. नकाशावर ‘कसलं देखणं वादळ’ म्हणून जे वाखाणतो, त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. भाच्याच्या खोलीत वीज टिकली. ताई ते तीन दिवस देवापुढे कमी आणि माझ्या मोबाइलपुढे जास्त होती.

त्याआधी मी भाच्याला एक काम लावून दिलं होतं. अमेरिकेत घरोघरच्या हौशी लोकांचं एक जाळं आहे, कोकोराज. १९९७च्या फोर्ट कॉलिन्सच्या पुरानंतर, पाऊस गल्लीगणिक किती बदलतो हे मोजायला १९९८ मध्ये सुरू झालेलं. ही मंडळी बर्फ मोजतात त्याची पद्धत साधी आणि कडक आहे. पांढरा रंग दिलेली प्लायवुडची फळी उघड्यावर ठेवायची, भिंतीपासून, झाडापासून लांब. वेळ झाली की पट्टी उभी खुपसून इंचाच्या दहाव्या भागापर्यंत नोंद करायची, फळी पुसायची, परत नव्या बर्फावर ठेवायची. दर तासाला पुसून मोजलं तर बेरीज फुगते, कारण पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबत असतो, म्हणून सहा तासांच्या आत पुसायचं नाही. शिवाय बर्फ वितळवून पाणी किती निघतं तेही बघायचं. ढोबळ हिशेब दहा इंचांना एक इंच. सरोवरावरून आलेला पिसासारखा बर्फ वीस इंचांनाही एक इंच पाणी देत नाही, आणि शून्याच्या आसपास पडणारा ओला बर्फ पाच-सहा इंचांतच तेवढं देतो. फावडं मारणाऱ्याची कंबर कशाने मोडेल ते या आकड्यावरून कळतं. नाताळच्या वादळात फळीचा काही उपयोग झाला नाही. वाऱ्याने ती एका बाजूने साफ पुसून काढली होती आणि दुसऱ्या बाजूला छातीएवढा ढीग.

तो तिथे फळी पुसत असताना मला वाटायला लागलं की मी नुसता बघ्या आहे. मोजायला आपल्याकडे काय आहे? गारठा आहे. आणि गारठ्याचं पुणं हे काही ऐरंगैरं गाव नाही. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, शिवाजीनगरच्या चौकातली ती दगडी इमारत अजून सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५चा आहे, १.७ अंश. आणि पाषाणला तर उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाच आहे, माझ्या रोजच्या रस्त्यावर.

स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणजे तापमापी ठेवायची पांढरी लाकडी पेटी, चारही बाजूंना तिरक्या पट्ट्यांची दुहेरी जाळी, वारा आत खेळावा पण ऊन शिरू नये म्हणून. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही. तापमापी जमिनीपासून चारेक फुटांवर. सुताराला चित्र काढून दाखवलं. त्याने कागद दोनदा फिरवला आणि विचारलं, “कबुतरांसाठी का, साहेब?” पट्ट्यांचा तिरकेपणा त्याला पटेना, पाऊस आत जाईल म्हणाला, मग बाहेरची पट्टी बाहेर आणि आतली आत उतरती केल्यावर पाणी कसं अडतं ते त्यानेच मला समजावून सांगितलं. पेटी सोसायटीच्या बागेत उभी राहिली. आत एक किमान-कमाल तापमापी आणि एक डेटा लॉगर, काडेपेटीएवढा, दर दहा मिनिटांनी आकडा लिहून ठेवणारा. किमान तापमापीत अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीकशी काळी कांडी. पारा उतरायला लागला असं आपण म्हणतो, इथे अल्कोहोल मागे सरकतं आणि पृष्ठभागाच्या ताणाने कांडीला ओढत नेतं. परत तापलं की द्रव पुढे निघून जातो, कांडी तिथेच थांबते. सकाळी साडेआठला कांडीचं वरचं टोक वाचायचं, तीच खात्याचीही वेळ.

डोळा मात्र माझा वादळांच्या नकाशावरच तयार झालेला होता, तोच इकडे वळवला. पुण्यात थंडी येते त्याचं गणित वेगळं आहे. दर हिवाळ्यात मोबाइलवर एक निरोप फिरतो, ‘उत्तर ध्रुवावरची थंडी पुण्यात धडकणार’. ध्रुवाभोवती उंचावर फिरणारा गार हवेचा भोवरा मोडला, की त्याची हवा अमेरिकेवर, युरोपवर, पूर्व आशियावर उतरू शकते. ५ जानेवारी २०२१च्या सुमाराला ध्रुवावरचा तीस किलोमीटर उंचीचा थर अचानक तापला, भोवरा विस्कटला, आणि फेब्रुवारीत टेक्ससमध्ये पाइप फुटले, वीज गेली. आपल्या डोक्यावर मात्र हिमालय आडवा आहे. आपल्याकडचा गारठा येतो तो भूमध्य समुद्राकडून सरकत आलेला पश्चिमी झंझावात काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पूर्वेला निघून गेल्यावर. त्याच्या पाठीमागून वायव्येची कोरडी हवा राजस्थान, गुजरात करत खाली येते. आधी निफाडला द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, मग आपल्याकडे कानटोप्या निघतात.

आणि ती यायला निघाली तरी पोचेलच असं नाही. ९ डिसेंबर २०२२च्या रात्री मंदोस चक्रीवादळ ममल्लापुरमजवळ किनाऱ्याला लागलं. त्याचे उरलेसुरले ढग पसरत इकडे आले, वारा पूर्वेचा झाला आणि पुण्याची थंडी पळाली. बफेलोत वादळ शिजत होतं आणि आम्ही डिसेंबरात पंखा लावून झोपत होतो. ढग म्हणजे पांघरूण. जमीन दिवसभराची ऊब रात्री वर सोडते, ढग ती अडवून परत पाठवतात. निरभ्र आकाश, कोरडी हवा, पडलेला वारा आणि लांबलेली रात्र, या चौघांची गाठ पडली की पुणं गारठतं.

सोसायटीच्या पेटीने पहिल्या हिवाळ्यात एक कोडं घातलं. बागेतला आकडा आणि गच्चीतला आकडा जुळेनात, गच्ची कायम दोन-अडीच अंशांनी उबदार. एरवी उंच जावं तसं गार होतं. मग मी आणखी दोन लॉगर घेतले. एक रामनदीच्या काठाला, एका ओळखीच्या माणसाच्या नर्सरीत टांगला. एक खिशात घेऊन पहाटे पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागलो.

टेकडीवर जाणाऱ्यांना ही गोष्ट अंगाला माहीत असते. पायथ्याला नाक झोंबतं, हातमोजे लागतात. चढ सुरू झाल्यावर थोड्या वेळाने अंगात ऊब येते, ती चढाची असं सगळे धरून चालतात. मी मध्येच उभा राहिलो. घाम सुकू दिला, श्वास जागेवर आला, आणि लॉगर हाताच्या अंतरावर काठीला धरून वाट बघितली. आकडा वरच सरकत होता. आणखी चढलो, परत थांबलो. ज्या पट्ट्यात तो झरझर बदलतो तिथे एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट झुळूक आळीपाळीने गालाला लागते, आणि खाली बघितलं तर पाषाणच्या शेकोट्यांचा, धुराचा थर एका पातळीत सपाट पसरून बसलेला, वर एक टिपूसही नाही. त्या पहाटे रामनदीला ८.२ होतं, बागेत ९.६, गच्चीत ११.९ आणि टेकडीच्या माथ्यावर १३.१. गार हवा जड, ती उतारावरून निथळत नदीच्या पात्रात जाऊन साचते.

मग वर्तमानपत्रात रोज येणारे शहरातले आकडे मला वेगळे दिसायला लागले. पाषाण, एनडीए, हवेली खाली. मगरपट्टा आणि लवळे वर. एकाच पहाटे एकाच शहरात पाच-सहा अंशांचा फरक, आणि वरून आलेली हवा सगळ्यांना तीच. सरोवर नसलं तरी आपल्याकडे नदी आहे, टेकडी आहे, काँक्रीट आहे. हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरायला हवं, तेव्हा थंडीची लाट. जानेवारीत शिवाजीनगरची सरासरी अकराच्या आसपास. म्हणजे लाट जाहीर व्हायला साडेसहाच्या आसपास उतरायला लागतं, आणि तोवर नर्सरीवाल्याची रोपं माना टाकून मोकळी झालेली असतात.

जमिनीजवळचं हे प्रकरण किती बारीक आहे, हे पुण्यातच एका माणसाने फार पूर्वी दाखवलं होतं. ल. अ. रामदास, इथल्या कृषी हवामान विभागाचे. निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात गार काय असतं? जमीन, असं पुस्तकं सांगत. १९३२ मध्ये रामदास आणि आत्मनाथन यांनी मोजून लिहिलं की उघड्या मातीवर सगळ्यात गार हवा जमिनीला टेकलेली नसते, तिच्या थोडी वर, वीत-दोन वितींवर असते. बऱ्याच जणांनी यावर विश्वास ठेवला नाही, मोजण्यात घोळ असेल म्हणाले. पुढे तेच निरीक्षण इतरत्रही आलं, आणि आज त्याला रामदास थर म्हणतात. मी बागेतल्या मोकळ्या वाफ्यात काठी रोवून लॉगर बांधले, एक मातीला टेकवून, एक वीतभर, एक हातभर, एक पेटीत. बहुतेक रात्री काही नाही. कुठे वारा, कुठे माळ्याने पाणी दिलेलं, एकदा मांजराने काठीच पाडली. पण काही रात्री, वारा पूर्ण पडलेला असताना, वीतभरावरचा आकडा मातीच्या आकड्याखाली गेला आणि पहाटेपर्यंत तिथेच राहिला. भाच्याला आलेख पाठवला. त्याचं उत्तर आलं, “मामा, हे बर्फापेक्षा भारी आहे.” तो आता नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलाय, फळी मात्र बरोबर नेली.

आमच्या सोसायटीत यंदा पावसाळ्यानंतर बागेत पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरत होतं. चिखल होतो, डास होतात, गाड्या लावायला जागा होईल, सगळी कारणं रास्त. मी सभेत आलेख घेऊन गेलो. गच्ची आणि बाग यांच्या रेषा दाखवल्या, माती झाकली तर रात्री बाग गच्चीसारखी वागायला लागेल आणि उन्हाळ्यात त्याचा चटका तळमजल्याला बसेल, असं सांगितलं. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या की उन्हाळ्यात आताच झोप लागत नाही. चेअरमन म्हणाले, थंडीत तर बरंच होईल की, दोन अंश ऊब मिळेल. अर्धा तास यावर वाद झाला, त्यात हवामान थोडं आणि पार्किंग जास्त होतं. शेवटी अर्ध्या बागेत ब्लॉक आणि पेटीच्या बाजूची अर्धी तशीच, असं ठरलं. सेक्रेटरींनी निघताना विचारलं, “आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किती असतं हो?” तिथे मी कधी मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीशेजारी एक लॉगर टांगला, आणि ब्लॉक बसायच्या आतच त्या अर्ध्या भागातही एक रोवून ठेवला, म्हणजे आधीचा एक हिवाळा तरी हाताशी राहील.